सॅक्सोफोन मांडी घालून वाजवणारा माणूस : कद्री गोपालनाथ

तिरपा_सूर | शनिवार, रात्री ११:४०

आमच्या माटुंग्याच्या घराखाली उडप्याचं हॉटेल होतं. साडेसहाला शटर वर जायचं आणि सातच्या आत गल्ल्याशेजारचा टेपरेकॉर्डर सुरू. एरवी सुप्रभातम्, शुक्रवारी देवीचं काहीतरी. मी नववीत असताना मालक गावाहून एक कॅसेट घेऊन आले आणि पुढचे कित्येक महिने तीच. आई म्हणाली, "ही सनई घसा बसल्यासारखी का वाजते रे?" मला वाटलं क्लॅरिनेट. शेवटी एकदा इडली आणायला गेलो तेव्हा कव्हर पाहिलं. कपाळभर गंध, रेशमी झब्बा, मांडी घालून बसलेला भारदस्त माणूस, आणि त्याच्या पुढ्यात सॅक्सोफोन.

सॅक्सोफोन म्हणजे हिंदी सिनेमातला क्लब, सिगारेटचा धूर आणि पाठमोरा उभा वादक, एवढीच माझी समज. हा माणूस तर पूजेला बसल्यासारखा बसला होता.

ते कद्री गोपालनाथ. ११ ऑक्टोबर २०१९ ला मंगळुरात गेले. माझ्या पाहण्यात त्यांच्यावर मराठीत फारसं काही आलं नाही, म्हणून हा धागा. मी जाणकार नाही, चाळिशीत हौस म्हणून सॅक्सोफोन हातात घेतलेला माणूस आहे. चुकलं तर सांगा.

जन्म ६ डिसेंबर १९४९, दक्षिण कन्नड जिल्ह्यात बंटवाळ तालुक्यातलं सजिपमूड गाव. वडील तनियप्पा नागस्वर वाजवायचे. नागस्वर म्हणजे आपल्या सनईचा थोरला, धिप्पाड भाऊ. देवळात आणि लग्नात त्याच्याशिवाय पान हलत नाही. मुलानं वडिलांचं वाद्य उचलायचं, हा रिवाज, आणि पोरानं उचललंही. पण मैसूरच्या राजवाड्याच्या बँडात त्यानं सॅक्सोफोन ऐकला आणि तिथे ग्रह फिरले.

आता गंमत बघा. हे वाद्य अॅडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिरानं काढलं, १८४६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं. त्याच्या डोळ्यांपुढे होते लष्करी बँड. मैदानात, उघड्यावर ऐकू जाईल एवढा दणदणीत पण गोल आवाज त्याला हवा होता. आणि नागस्वराचं काम तरी दुसरं काय? देवळाच्या आवारात, पालखीपुढे, चार वाड्यांपलीकडे ऐकू जायचं. त्या पोराला दोन वाद्यांमधलं नातं ऐकताक्षणी कळलं असणार, असं मला आपलं वाटतं.

मंगळूरच्या कलानिकेतनात एन. गोपालकृष्ण अय्यर यांनी त्यांना सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत शिकवलं. पुढे मद्रासला टी. व्ही. गोपालकृष्णन भेटले. हे चेंबै वैद्यनाथ भागवतारांचे शिष्य, मृदंग आणि गाणं दोन्हींत मुरलेले, शिवाय हिंदुस्थानीही गाणारे. असा गुरू मिळाला म्हणून बरं. नाहीतर मद्रासच्या सभांमध्ये, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्थांमध्ये, पितळी बिगूल घेऊन शिरणाऱ्याला कोणी उभं केलं नसतं.

वाद्य पुरतं ताब्यात यायला त्यांना वीसेक वर्षं लागली, असं सांगतात. मला यात काडीची अतिशयोक्ती वाटत नाही, आणि ते का, ते सांगतो.

नागस्वराला, सनईला उघडी भोकं. बोट अर्धं सरकवलं की सूर अर्धा सरकतो. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), आंदोलन, गमक (सूर डोलवणं, हलवणं) सगळं बोटाच्या पेरावर. सॅक्सोफोनवर वीसच्या वर भोकं आणि प्रत्येकावर चामड्याची गादी लावलेलं झाकण. तुम्ही चावी दाबता, झाकण पडतं किंवा उघडतं. अधलंमधलं काही नाही. म्हणजे वाद्य मुळातच पायऱ्यांचं, आणि आपलं संगीत उताराचं. त्या पायऱ्यांवरून घसरगुंडी करायची तर खालचा ओठ पत्तीवर (फुंकायच्या टोकाला बांधलेल्या बोरूच्या पातळ पात्यावर) किती दाबायचा, घसा आतून किती मोकळा ठेवायचा, यावरच सगळी मदार. मी गेली सहा वर्षं मंद्र पंचमावरून धैवतावर घसरायचा प्रयत्न करतोय. शेजारचे म्हणतात, म्हैस बरी.

जॅझवालेही सूर वाकवतात, पण ते मनाला येईल तेव्हा आणि येईल तितका. तोडी रागाचा गांधार वाकवायचा तर तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या हेलकाव्याने, तिन्ही लयींत तस्साच आला पाहिजे. गोपालनाथांनी वाद्यात आपल्या सोयीचे काही बदलही करून घेतले होते. पण मी कितीही बदल केले तरी तो गांधार येणार नाही, तो ओठात आहे.

१९८० साली मुंबईच्या जॅझ महोत्सवात जॉन हॅण्डी आले होते. कॅलिफोर्नियाचे मोठे सॅक्सोफोनवादक. त्यांनी गोपालनाथांना ऐकलं आणि स्टेजवर आपल्याबरोबर वाजवायला बोलावलं. तिथून फिरती सुरू झाली. प्राग, बर्लिन, मेक्सिकोचा सर्वांतिनो महोत्सव, पॅरिस. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स मैफलींत बोलावणं आलं. तिथे बोलावलेले ते पहिले कर्नाटक संगीतकार. त्याच वर्षी के. बालचंदर यांचा 'ड्युएट' नावाचा तमिळ सिनेमा आला, नायक सॅक्सोफोनवादक, संगीत ए. आर. रहमान यांचं, आणि सॅक्सोफोन गोपालनाथांचा. लंडनचा प्रेक्षक आणि मदुराईचा रिक्षावाला, एकाच वर्षी.

१९९६ ला संगीत नाटक अकादमी, २००४ ला पद्मश्री. बाकी पदव्यांची यादी देत नाही, सत्काराच्या शाली मोजल्यासारखं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की त्यांच्यावर 'फ्युजन' हा शिक्का बसला तो चुकीचा. त्यांच्या कचेरीत, म्हणजे मैफलीत, फ्युजन नव्हतं. सुरुवातीचं वर्णम, मग कृती (बांधलेल्या रचना), रागालापन, तनिआवर्तन (तालवाद्यांचं स्वतंत्र वादन), सगळं रीतीप्रमाणे. सॅक्सोफोन युरोपला परत गेला तो नागस्वर होऊन गेला. तुम्हाला काय वाटतं? कोणी प्रत्यक्ष ऐकलंय का?

---

चहा_कमी_साखर | रविवार, सकाळी ७:१५

म्हैस बरी =))

लेख आवडला. आमच्या हॉस्टेलवर तमिळ रूममेट होता, 'ड्युएट'ची कॅसेट झिजवून टाकली होती त्यानं. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, पण सॅक्सोफोन सुरू झाला की मेसच्या रांगेतली पोरंही गप्प व्हायची. मला कित्येक वर्षं वाटत होतं की वाजवणारा कोणी गोरा असणार.

---

खडूस_काका | रविवार, सकाळी ९:०२

चांगलं लिहिलंय, पण एक शंका. ज्या वाद्यावर मींड काढायला वीस वर्षं लागतात, त्यावर वाजवायचंच कशाला? सनई आहे, बासरी आहे. ज्याचं काम त्यानं करावं. उद्या कोणी बॅगपाइपवर मारवा वाजवेल आणि आपण टाळ्या पिटायच्या?

---

तिरपा_सूर | रविवार, सकाळी ९:४०

काका, तुमच्या दिवाणखान्यात पेटी आहे ना? मागे तुम्हीच फोटो टाकला होता.

---

खडूस_काका | रविवार, सकाळी ९:५५

पेटीचं वेगळं आहे.

---

रेवती_के | रविवार, सकाळी १०:२०

काका, काहीही वेगळं नाही :)

हार्मोनियमचं पेटंटही पॅरिसचंच, अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ मध्ये घेतलेलं. म्हणजे पेटी आणि सॅक्सोफोन एकाच गावच्या, चार वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या बहिणी. थोरली आपल्याकडे आली, आपण तिला नाटकात बसवलं, भजनात बसवलं, तिची पाय मारायची सवय मोडून जमिनीवर बसायला शिकवलं. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला बाहेर काढलं ते थेट सत्तरच्या दशकापर्यंत, आणि कारण हेच, की तिच्यात मींड नाही, सूर पायऱ्यापायऱ्यांचे. पेटीवर तर ओठ लावायचीही सोय नाही! सॅक्सोफोनवर निदान श्वास आपला असतो.

व्हायोलिन कर्नाटक संगीतात आलं ते थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितारांचे भाऊ बालुस्वामी यांच्यामुळे. आज व्हायोलिनशिवाय कचेरी होत नाही. तेव्हाही कोणी खडूस काका म्हणालेच असतील.

---

खडूस_काका | रविवार, सकाळी १०:४१

बरं. बॅगपाइपचं मात्र मागे घेत नाही.

---

बँडवाल्याचा_नातू | रविवार, दुपारी १:३०

मैसूरच्या बँडचा उल्लेख वाचून राहवलं नाही.

माझे आजोबा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका संस्थानच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. संस्थानं विलीन झाली आणि बँड रस्त्यावर आला, म्हणजे अक्षरशः. जे दसऱ्याच्या स्वारीपुढे वाजवत होते ते वरातीपुढे वाजवू लागले. आजोबांना स्टाफ नोटेशन वाचता यायचं. मराठी चौथी पास माणूस, पण कागदावरच्या त्या टिंबांवरून इंग्रजी मार्च वाजवायचा. सॅक्सोफोनला ते 'सेक्सन' म्हणायचे. पूर्ण बँडात एकच असायचा आणि तो वाजवणाऱ्याला पाच रुपये जास्त.

सांगायचा मुद्दा असा, की ही वाद्यं खेड्यापाड्यात आधीच पोचलेली होती. राजवाड्यातून, मिशनमधून, पलटणीतून. लोक समजतात की सॅक्सोफोन म्हणजे जॅझ आणि जॅझ म्हणजे अमेरिका. आमच्याकडे सॅक्सोफोन म्हणजे लाल कोट, सोनेरी झिरमिळ्या आणि भर उन्हात तीन तास. ओठ फुटायचे. आजोबा रात्री ओठांना लोणी लावायचे.

गोपालनाथांचं मोठेपण मला यात वाटतं, की त्यांनी ते वाद्य वरातीतून उचलून पाटावर बसवलं. आजोबांना हे बघायला मिळायला हवं होतं. बँडवाल्याला बसायला खुर्ची देत नसत हो लग्नात.

---

तिरपा_सूर | रविवार, दुपारी २:१०

नातूसाहेब, दंडवत. आजोबांवर वेगळा धागा काढाच.

तुमच्या 'बँड'वरून आठवलं. गोपालनाथांची सगळ्यांत गाजलेली चीज 'रघुवंश सुधा', पट्टणम सुब्रमण्य अय्यर यांची कृती, राग कदनकुतूहलम. हा रागही त्यांनीच बांधलेला मानतात, आणि त्याचा आरोह सरळ चढत नाही, उड्या मारत जातो : सा रे म ध नी ग प सां. सगळे सूर आपल्या बिलावलचेच, पण नी वरून एकदम गांधारावर उडी. ऐकताना बँडच्या बिगुलाची आठवण येतेच. म्हणजे राग बँडासारखा, वाद्य बँडातलं, आणि वाजवणारा देवळातला. माटुंग्याच्या कॅसेटवर हेच होतं.

---

मांडवीपार | रविवार, दुपारी ४:४५

धागा छान, पण गोंयकार म्हणून थोडी तक्रार. जॅझ महोत्सवाचा विषय निघाला आणि ब्राझ गोन्साल्विस यांचं नाव नाही?

ब्राझबाब नेवऱ्याचे. आमच्याकडे चर्चच्या शाळेत पोरांना प्रार्थनेआधी सोल्फेज शिकवायचे, दो-रे-मी वाचता आलंच पाहिजे. त्या शाळांतून निघालेली पोरं मुंबईच्या, कलकत्त्याच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओत पसरली. ब्राझ त्यांतलेच, पण त्यांनी सॅक्सोफोनवर राग घेऊन जॅझ वाजवायला सुरुवात केली, आणि पियानोवादक लुईस बँक्स यांच्याबरोबर जॅझ यात्रा सेक्सटेट (सहा जणांचा ताफा) घेऊन युरोप फिरून आले. त्यांची पत्नी इव्हॉन गायिका, प्रसिद्ध ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची मुलगी. म्हणजे सगळं घरच सुरांचं.

एक माणूस जॅझमधून रागाकडे आला, दुसरा रागातून जॅझकडे. दोघांची वाट मुंबईवरून गेली.

---

तिरपा_सूर | रविवार, संध्याकाळी ५:२०

चूक कबूल. ब्राझ यांचं नाव यायलाच हवं होतं. फरक मात्र तुम्ही नेमका पकडलात. ब्राझ यांच्या वादनात राग हा पाहुणा आहे, मानाचा पाहुणा. गोपालनाथांकडे जॅझ पाहुणा.

---

रंगभवनचा_कट्टा | रविवार, रात्री ८:१०

जॅझ यात्रा, म्हणजे मुंबईचा जॅझ महोत्सव, म्हटलं की आमच्या पिढीला धोबीतलावचं रंगभवन आठवतं. उघडं आकाश, दगडी भिंती, मागच्या बाजूला लोकल जाते की काय असा भास. १९७८ च्या पहिल्या यात्रेला अमेरिकेचे सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स येऊन गेले होते. पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवनातली वाद्यं थांबली. असो.

जॉन हॅण्डी यांच्याबद्दल थोडी भर. हे कोणी हौशी परदेशी पाहुणे नव्हते, की 'वा, किती वेगळं' म्हणून बोलावलं. जॅझमधले मोठे बासवादक चार्ल्स मिंगस यांच्या ताफ्यात वाजवलेला माणूस. आणि सत्तरच्या दशकातच अली अकबर खाँसाहेबांबरोबर त्यांनी रेकॉर्ड काढली होती. म्हणजे राग म्हणजे काय, सरोदवरची मींड कशी असते, हे शेजारी बसून ऐकलेले कान. म्हणूनच दुसऱ्या कोणाला जो चमत्कार वाटला असता, तो त्यांना नीट ऐकू आला. ओळखणाराही तयारीचा लागतो.

---

अर्धा_आवर्तन | रविवार, रात्री ९:००

याच्या बरोबर उलटी गोष्ट चार्ली मारियानो यांची. बोस्टनचे सॅक्सोफोनवादक, जॅझमध्ये नाव कमावलेले. त्यांना नागस्वराचं वेड लागलं आणि ते दक्षिणेत येऊन नागस्वर शिकले. बंगळुरूच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनबरोबर, म्हणजे टी. ए. एस. मणी आणि रमामणी यांच्याबरोबर, वर्षानुवर्षं मैफली केल्या, रेकॉर्ड काढल्या.

नागस्वरवाल्याचा मुलगा सॅक्सोफोन शिकला आणि सॅक्सोफोनवाला नागस्वर. दोघं आपापल्या गावाहून निघून एकमेकांच्या घरी जाऊन बसले. धागाकर्त्याला एक दुरुस्ती : दोन्ही वाद्यं पत्तीची खरी, पण नागस्वराला दुहेरी पत्ती असते, दोन पात्यांमधून फुंकर जाते. सॅक्सोफोनला एकच, माउथपीसवर बांधलेली. त्यामुळे ओठांची बैठक अगदी वेगळी. वडिलांकडून आलेली फुंक तशीच्या तशी कामाला येत नाही, मोडून पुन्हा बांधावी लागते. तुमची वीस वर्षं तिथेही गेली असतील.

---

न्यूजर्सीची_निमा | सोमवार, पहाटे ५:३५ (तुमच्याकडे)

मी एरवी वाचनमात्र. पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

रुद्रेश महंतप्पा हे इथले नावाजलेले जॅझ सॅक्सोफोनवादक. आईवडील कर्नाटकातले, जन्म इटलीत त्रिएस्तचा, वाढले कोलोराडोत. भारतीय चेहरा म्हणून सगळे विचारणार, "भारतीय काहीतरी वाजव ना." यांना भारतीय संगीत येत नव्हतं. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असताना थोरल्या भावानं गंमत म्हणून एक अल्बम दिला, 'सॅक्सोफोन इंडियन स्टाइल'. भावानं चेष्टेत दिलेला तो अल्बम गोपालनाथांचा. यांनी लावला आणि चेष्टा तिथेच संपली.

पुढे रुद्रेश त्यांना भेटले, दोघांनी एकत्र काम केलं, आणि २००८ मध्ये 'किन्समेन' हा अल्बम आला. दोघांचे आल्टो सॅक्सोफोन, ए. कन्याकुमारी यांचं व्हायोलिन, पूवलूर श्रीजी यांचा मृदंगम, रेझ अब्बासी यांची गिटार, शिवाय बास आणि ड्रम्स. नाव बघा, 'नातलग'.

माझ्या मुलाला मी तो गाडीत ऐकवते. तो शाळेच्या बँडात आल्टो वाजवतो. दोन सॅक्सोफोन एकाच वेळी वाजतात तिथे मी त्याला विचारलं, यातला कोण कोणता? पटकन म्हणाला, "जो गातोय तो म्हातारा."

---

चहा_कमी_साखर | सोमवार, सकाळी ७:२०

"जो गातोय तो म्हातारा." बस्स. मुलाला चॉकलेट माझ्याकडून.

---

सुरत्कल_८८ | सोमवार, सकाळी ११:००

मी चार वर्षं मंगळूरजवळच्या सुरत्कलला शिकलो आणि नंतर सासुरवाडीही तिकडचीच झाली, त्यामुळे हा विषय घरचा. सगळे कौतुक करताहेत तर एक दुसरी बाजूही मांडतो. रागावू नका.

मंगळूर-उडुपी-कासरगोड पट्ट्यात आज लग्नाला गेलात तर बहुतेक ठिकाणी सॅक्सोफोन दिसेल. मुहूर्ताला सॅक्सोफोन, देवळाच्या उत्सवात सॅक्सोफोन, हॉटेलच्या उद्घाटनाला सॅक्सोफोन. गोपालनाथांनी एवढं मोठं केलं ते वाद्य, की प्रत्येक यजमानाला तेच हवं. पण मग नागस्वर? माझ्या मेहुण्याच्या लग्नात सासऱ्यांनी हट्टानं नागस्वरवाले बोलावले होते. त्यातले म्हातारेबुवा जेवताना म्हणाले, "आमची पोरं आता सॅक्सोफोनच वाजवतात. दोन वाद्यं कोण शिकतंय?" रागानं नाही म्हणाले हो, नुसतं सांगितलं, आणि ताक मागून घेतलं.

ज्या वाद्यानं त्यांना सूर दिला, त्याचीच जागा त्यांच्या वाद्यानं घेतली. यात त्यांचा दोष नाही, पण हे झालंय.

---

कोकणातला_घडशी | सोमवार, दुपारी १२:१५

आमच्याकडे तर सॅक्सोफोन न येताही सनई गेली. आधी बँड आला, मग बेंजो आला, मग डीजे. सनई आता लग्नात पेनड्राइव्हवर वाजते. निदान मंगळुरात माणूस वाजवतोय, पोटापाण्याला लागलाय. मला विचाराल तर नागस्वरवाल्याचा पोरगा सॅक्सोफोनवर का होईना, कल्याणी राग वाजवतोय, हे काय थोडं आहे?

---

सुरत्कल_८८ | सोमवार, दुपारी १२:४०

हेही खरं. पेनड्राइव्हवर काही बोलता येत नाही.

आणि एक चांगली गोष्ट राहिली. नागस्वरात बायका फारशा नव्हत्या. सॅक्सोफोनच्या पाठोपाठ तिकडे मुलीही मोठ्या संख्येने आल्या. गोपालनाथांच्या शिष्यांमध्ये एम. एस. लावण्या आणि सुब्बलक्ष्मी या बहिणी आहेत, 'सॅक्सोफोन सिस्टर्स' म्हणून ओळखतात त्यांना. देवळाच्या ओट्यावर साडी नेसून, गजरा माळून, गळ्यात पट्टा अडकवून मुलगी सॅक्सोफोन वाजवतेय आणि आजूबाजूला कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही, हे चित्र मला फार आवडतं.

---

रेवती_के | सोमवार, दुपारी ३:१०

कन्याकुमारींचं नाव वर आलंच आहे तर, त्यांच्याबद्दल दोन ओळी हव्यात. वर्षानुवर्षं त्या गोपालनाथांबरोबर व्हायोलिनला होत्या. साथ नाही म्हणवत त्याला, जुगलबंदीच. फिरतीच्या कलाकाराचं नाव पोस्टरवर असतं, पण रोज रात्री नव्या गावात त्याला तोलून धरणारा दुसरा सूर शेजारी बसलेला असतो. सॅक्सोफोनसारख्या दणकट आवाजापुढे व्हायोलिन दबून जायला हवं. त्यांचं दबत नाही. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये कान देऊन ऐका, गोपालनाथ एखादी ओळ टाकून थांबतात आणि त्या ती जशीच्या तशी परत न करता एक जागा वाढवून देतात. मग ते हुंकार भरल्यासारखा एकच सूर लावतात.

'ड्युएट'बद्दलही एक ऐकीव किस्सा आहे. सिनेमासाठी बालचंदर यांना नेमकं काय हवंय ते सांगता येईना. गोपालनाथ एकामागून एक राग वाजवत गेले. याला नाही, त्याला नाही. शेवटी कल्याणवसंतम सुरू केला आणि दिग्दर्शक म्हणाले, हेच. कीरवाणीच्या घरातला राग आहे तो. हुरहूर हवी होती त्यांना, तीही कपडे नीटनेटके घातलेली.

---

खडूस_काका | सोमवार, संध्याकाळी ६:३०

काल रात्री 'रघुवंश सुधा' ऐकलं. तीनदा.

पहिल्यांदा वाटलं, सर्कस आहे. दुसऱ्यांदा पेटी काढून आरोह वाजवून पाहिला. नी वरून ग वर जाताना बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं तर वाद्य कोणतं ते विसरायला झालं.

मुद्दा सोडलेला नाही. वीस वर्षं सनईला दिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न राहतोच. पण ते आता असो.

---

तिरपा_सूर | सोमवार, रात्री १०:०५

काका, हे तुमच्याकडून म्हणजे पद्मश्रीच.

नागस्वराच्या प्रश्नावर दिवसभर विचार करत होतो. सुरत्कलभाऊंचं बरोबर आहे. मी लेखात 'सॅक्सोफोन नागस्वर होऊन गेला' असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं, पण गावातल्या नागस्वरवाल्याच्या घरी तेच वाक्य वेगळं ऐकू येत असणार. ते वाक्य आता खोडत नाही, पण पूर्वीइतक्या खुशीत लिहिणार नाही.

---

साठीतला_विद्यार्थी | सोमवार, रात्री १०:५०

मी बँकेतून निवृत्त झालोय. हा धागा वाचून सॅक्सोफोन शिकावा असं मनात येतंय. दात पुढचे दोन बसवलेले आहेत. चालेल का? आणि किती जड असतो?

---

तिरपा_सूर | सोमवार, रात्री ११:१५

दातांच्या डॉक्टरांना विचारा, वरचे दात माउथपीसवर टेकतात. आल्टो घ्या, अडीच किलोच्या आसपास असतो, पट्टा मानेत येतो. मान दुखत असेल तर खांद्यांवर येणारा पट्टा मिळतो. पहिल्याच दिवशी नवा घेऊ नका, भाड्यानं घ्या. पत्ती दीड किंवा दोन नंबरची, पुढे बघू. पत्ती एका जातीच्या बोरूची असते, चांगली फ्रान्सच्या दक्षिण भागातून येते आणि पावसाळ्यात रुसते. ओल धरली की झाकणांच्या गाद्याही चिकटतात, चावी उचलली की 'चप्प' असा आवाज येतो. मध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकेच दाबायचा, ओल टिपली जाते.

---

साठीतला_विद्यार्थी | सोमवार, रात्री ११:२२

सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली. आता नुसता कागद मागायला पानवाल्याकडे गेलो तर बायको विश्वास ठेवेल का?

---

बँडवाल्याचा_नातू | मंगळवार, सकाळी ६:४५

आजोबा पतंगाचा कागद वापरायचे. आणि ओठांना लोणी विसरू नका.